डिकीतला बिरोबा

१

ढवळेवाडीच्या जत्रेत बिरोबा देवळाबाहेर आल्याखेरीज कुणी चिमूटभर भंडारासुद्धा अंगावर घेत नाही. मुखवटा पालखीत बसला आणि पुजाऱ्यानं पहिली मूठ उधळली, की मग अख्खं गाव हळदीत न्हातं. त्या दिवशी मात्र ऊन डोक्यावर आलं तरी सगळं गाव कोरं करकरीत उभं होतं. पालखी सजलेली, ढोल तापवलेले, लिंबांचे ढीग लागलेले. देव तेवढा जागेवर नव्हता. तो विजयमाला गडदेच्या गाडीच्या डिकीत होता.

विजयमाला कोण, हे परभणी जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण कुणी परका वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. बिरू गडदे मेंढपाळाची ही थोरली लेक. शेळीच्या दुधाचा साबण करता करता तिनं पुण्यात एवढी मोठी कंपनी उभी केली, की आता टीव्हीवाले धंदा करू बघणाऱ्या पोरांना चार गोष्टी शिकवायला तिला मानानं खुर्ची देतात. गावानं तिचा फोटो सलूनमध्ये लावला, आणि त्याच सलूनमध्ये दाढी करून घेताना 'एवढा पैसा सरळ मार्गानं येतो व्हय?' असंही विचारलं. दोन्ही कामं गाव मनापासून करत होतं.

सहायक पोलीस निरीक्षक धम्मशीला वाघमारे पिंगळीकडून जीपनं गावात शिरली, तेव्हा गाडीभोवती ही गर्दी जमली होती. माणसं कमी आणि वर धरलेले मोबाइल जास्त दिसत होते.

"मोठ्या लोकांचं पोट भरतंय, पर डोळं भरत न्हाईत," एक जण म्हणत होता.

"आरं, पितळेचा मुखवटा त्यो! तिला काय करायचाय?"

"जुना हाय ना. फॉरेनात कोटीला जायलंय आसलं."

"ती कशाला चोरंल? डायव्हरनं ठिवला आसंल. गरिबाच्या हाताला चटक आसती."

धम्मशीलानं सगळं ऐकून घेतलं. निम्म्या गावाच्या मते बाई श्रीमंत म्हणून चोर, आणि उरलेल्या गावाच्या मते बाई श्रीमंत म्हणून साव, तेव्हा ड्रायव्हर गरीब म्हणून चोर. डिकीत नीट वाकून कुणीच बघितलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. खांद्यावर घोंगडी, हातात पुजारपणाची घुंगरांची काठी घेतलेला बिरू गडदे पुढं आला. वय झालं होतं, पण पाठ ताठ होती.

"मॅडम, पुजारपन आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाय," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "माझ्या लेकीनं देव चोरला आसंल, तर दिवस मावळायच्या आत ही काठी देवळात ठिवीन, मेंढरं हाकीन आन् गाव सोडीन. चोरला नसंल, तर तेबी ह्या गावाच्या म्होरंच ठरलं पायजे. तवर मी देवाला हात लावनार न्हाई."

पुजाऱ्याच्या घराखेरीज दुसऱ्या कुणी देवाला हात लावायची सोय नव्हती. म्हणजे निकाल लागेपर्यंत बिरोबा डिकीतच बसणार होता, आणि जत्रा ताटकळणार होती.

२

लेकीनं बंगला बांधून देते म्हटलं तरी बिरूनं घेतला नव्हता. तेच दगडमातीचं घर, आणि अंगणात दोरीची वाघूर लावून कोंडलेली मेंढरं. विजयमाला तिथं जमिनीवर आईशेजारी बसली होती. सुती साडी, हातात साधं घड्याळ. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता.

"मी देव चोरला नाही, हे तुम्हाला सांगून काय उपयोग, मॅडम?" ती म्हणाली. "तुम्ही मला सोडलंत तर म्हणतील, पोलिसांना पैसे चारले. धरलंत तर म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. श्रीमंत माणसाची सुटका पण विकत घेतलेलीच असते लोकांच्या लेखी."

"मग मी काय करावं म्हणता?"

"गावाला दिसंल असं शोधा. माझं काय, मी उद्या पुण्याला जाईन. माझ्या बापाला इथंच राहायचंय."

तिची आई कोंडाबाई चुलीजवळून बोलली, "विजू टीव्हीत दिसली की गाव म्हनायचं, आमची विजू. सकाळपासनं म्हनायलंय, बिरूची पोरगी. तवा आमची हुती, मंग आता कुटं गेली?"

धम्मशीलाला या घराचा ताठा आवडला. पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे, हे ती जाणून होती.

विजयमालाची सेक्रेटरी भक्ती दारातच फोनवर वकिलाशी भांडत होती. धम्मशीलानं तिला बाजूला घेतलं.

"काल डिकीत काय काय होतं?"

"मॅडमचे चालायचे बूट होते, चिखलानं भरलेले. पाण्याच्या बाटल्या. आणि बाबांनी दिलेली नवी घोंगडी."

"बूट आता कुठं आहेत?"

"तेच तर विचित्र आहे! पुढच्या सीटच्या खाली नीट जोडीनं ठेवलेत. मी नाही ठेवले. मी तर जेवणाचा डबासुद्धा त्या बुटांना टेकवून ठेवते, मॅडम नेहमी रागावतात."

ड्रायव्हर राम पांढराफटक पडला होता. "शपत घिऊन सांगतो, मी बूट हलिवले न्हाईत. गाडी ह्या गल्लीत शिरत न्हाई म्हनून आबासाहेबांच्या खळ्यावर लावली. रातच्याला ट्रॅक्टरला वाट लागंल म्हनले, म्हनून चावी त्यांच्या वसरीवर खिळ्याला आडकिवली. तितं पंगत हुती. निम्मं गाव येऊन जेवून गेलं."

म्हणजे चावी कुणीही घेऊ शकत होतं. पण चोरीचा माल लपवताना बुटांची जोडी उचलून पुढं नेऊन ठेवणारा चोर धम्मशीलानं आजवर पाहिला नव्हता.

३

ती डिकीपाशी आली. तिच्या स्वतःच्या घरात देव्हारा नव्हता, त्यामुळे तिला देवापेक्षा देवाला ठेवणारा माणूस जास्त दिसला.

नव्या घोंगडीची चौघडी करून तिच्यावर मुखवटा सरळ, समोर तोंड करून बसवलेला. कडेला हळदीची पिवळी धूळ. पितळ तर असं लखलखत होतं की वाकून बघणाऱ्याला आपलं नाक दिसावं. धम्मशीला बराच वेळ वाकून राहिली.

"माझ्यावर शक हाय ना तुमचा?" मागून आवाज आला.

तो शिवशंकर होता, बिरूचा पुतण्या. डोळे लाल, आवाजात कडवटपणा.

"का असावा?"

"काकानं काठी खाली ठिवली तर ती माझ्याच हातात येती. सकाळपासनं लोक माझ्याकडं बघायलेत. तुमीबी बघायलाव. बघा खुशाल."

"काठी हवी आहे तुम्हाला?"

"खोटं कशाला बोलू? पायजे. पर काका मेल्यावर. जित्या काकाची नगं."

धम्मशीलाला हे उत्तर पटलं, तरी ती थांबली नाही. "काल मुखवटा कुणी घासला?"

"मी आन् काकानं. सांजंला चिंच लावून घासला, भंडाऱ्यानं भरलेल्या परातीत बसिवला आन् बसल्या जागी फडक्यानं पुसून घेतला. मंग देवळाचं दार वढून घेतलं. कुलूप आमच्या देवाला कदी लागलंच न्हाई."

"परातीतून उचलायचा झाला, तर कसा उचलता तुम्ही?"

त्यानं दोन्ही तळवे उघडे करून पुढं धरले. "असा. उघड्या हातानं. पुजाऱ्याच्या घरच्यानं देव कापडात धरला तर देवाला परकं केल्यावानी हुतंय. कापडात धरत्यात ते बाकीचे. त्येंना हात लावायचा हक न्हाई म्हनून."

"आणि घासलेल्या पितळेला हात लागला तर?"

"बोटं उमटत्यात. काळी पडत्यात दुसऱ्या दिशी."

धम्मशीला पुन्हा डिकीत वाकली. कपाळावर, गालांवर, मिशांवर, कडेला, कुठंच एकाही बोटाची खूण नव्हती.

४

आबासाहेब हे गावातलं जुनं बडं घर. शेती सगळ्यांत मोठी, शब्दाला वजन. त्यांनी धम्मशीलाला वसरीवर खुर्ची दिली. चावीचा खिळा समोरच होता. त्यांची सून राजेश्री चहा आणि पानसुपारीचं तबक घेऊन आली. आबासाहेबांनी तबक पाहुणीकडं सरकवलं.

"तुमी घ्या. मी पान-तंबाखूला शिवत न्हाई. डॉक्टरनं बंद केल्यापासनं तोंडात टाकलं न्हाई कदी."

"देव दिसेना म्हटल्यावर गाड्या तपासायची कल्पना तुमची, असं लोक म्हणाले."

"माजीच. म्हनलं, कुनाला वाईट वाटाया नगं, पयली माजी जीप उघडा. मंग पाव्हन्यांच्या." त्यांनी मान हलवली. "लय वाईट झालं बगा. बिरूसारक्या मानसाच्या नशिबाला हे यावं!"

"तुम्हाला काय वाटतं, बाईंनीच नेला असेल?"

"मी कसं म्हनू? पर मोठेपन पचवाया पिढ्या लागत्यात, मॅडम. आमीबी खाऊनपिऊन सुखीच हाव. आजवर गावानं आमाला कदी चोर म्हनलं का? न्हाई. का? तर आमचं जुनं हाय. नव्या पैशाला वास येतोय."

कसेल त्याची जमीन आणि नांदेल त्याचं घर असं म्हणणारी माणसं वारशाच्या तिजोरीला कधी हिशेब विचारत नाहीत, आणि मेंढपाळाच्या पोरीला मात्र पाई-पैचा विचारतात. धम्मशीलानं हे मनातल्या मनात म्हटलं आणि चहा संपवला.

"जत्रेचा मानाचा पहिला नारळ कुणाच्या घरचा असतो?"

"आमच्या." उत्तर झटक्यात आलं. "पंजोबापासनं."

"यंदाही?"

आबासाहेबांनी उत्तर द्यायच्या आधी घसा साफ केला. "यंदा गावानं ठरिवलं, विजयमालेनं फोडायचा. ठीक हाय. गावाची खुशी."

ती निघाली. बाहेर परसदारी राजेश्री दोरीवरचे कपडे काढत होती. त्यात एक पांढरंशुभ्र उपरणं होतं, आणि त्याच्या मधोमध तांबडेलाल डाग.

"हे कुणाचं?"

"मामंजींचं. कालच्या पंगतीत हेच हुतं खांद्यावर." राजेश्री ओशाळली. "आज पाटंच म्हनले, पानाचे डाग पडलेत, धुवून टाक. बादलीत भिजवूनच दिलं. ह्या घरात गडीमानसानं कापड भिजिवलेलं मी पयल्यांदाच बघितलं! विजूताईनं घरोघर साबन वाटलाय ना, तोच लावला. अंधारात रंग कळला न्हाई, उजाडल्यावर बघते तर डाग गेलेच न्हाईत, लालभडक झाले."

धम्मशीला उपरण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, हे उपरणं मला गावासमोर न्यायचंय. देता?"

राजेश्रीनं एकदा घराकडं पाहिलं, एकदा उपरण्याकडं. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं घडी घालून ते धम्मशीलाच्या हातात दिलं आणि आत गेली.

५

देवळासमोर गाव गोळा झालं. दिवस कलायला लागला होता. बिरू पायरीवर काठी आडवी धरून बसला होता, शेजारी कोंडाबाई आणि विजयमाला. आबासाहेबांना मधोमध खुर्ची मिळाली होती, नेहमीसारखी.

"सकाळपासून तुम्ही बाईंच्या पैशाकडं बघताय," धम्मशीला म्हणाली. "मी देवाकडं बघितलं. देव डिकीत कसा बसलाय? घोंगडीची घडी करून, सरळ तोंड करून. आणि डिकीतले बूट काढून पुढं नेऊन ठेवलेत. चोराला बुटांशी काय देणंघेणं? ज्याला देव बुटांशेजारी ठेवायला मन धजलं नाही, त्यानंच ते हलवले. म्हणजे माणूस भाविक आहे, याच गावातला आहे. जेवणाचा डबा बुटांना टेकवून ठेवणाऱ्या भक्तीताईंनी हे केलेलं नाही."

गर्दीत कुजबुज झाली.

"दुसरं. काल सांजेला घासलेल्या मुखवट्यावर एक बोट उमटलेलं नाही. गडद्यांच्या घरचा माणूस देव उघड्या हातानं उचलतो. बिरूकाका असोत, शिवशंकर असो, की याच घरात वाढलेल्या विजयमालाताई. ज्यानं नेला त्यानं कापडात धरून नेला. कारण हात लावायचा हक्क त्याला नव्हता, आणि चोरी करतानाही त्यानं ती रीत पाळली."

काही जण आपल्याच खांद्यावरचं उपरणं चाचपायला लागले.

"देव भंडाऱ्याच्या परातीत होता. त्या कापडाला हळद लागणारच. आणि आज या गावात भंडारा कुणाच्याच अंगावर नाही, कारण देव अजून बाहेरच आलेला नाही." तिनं उपरणं उलगडून धरलं. "हे आबासाहेबांचं उपरणं."

"त्ये पानाचे डाग हायेत!" आबासाहेब खुर्चीतून उठले.

"तुम्ही तर पानाला शिवत नाही म्हणालात."

"मी न्हाई खात. पंगतीत कुनाची तरी पिंक उडाली आसंल."

"असेल. बघू या." धम्मशीलानं ढिगातलं एक लिंबू उचललं, कापलं, आणि बायकांच्या घोळक्याकडं वळली. "मावशी, हळदीच्या डागाला साबण लावला तर काय होतं?"

"लाल हुतंय," दोन-तीन जणी एकदम म्हणाल्या. हे काय विचारणं झालं, असा त्यांचा सूर होता.

"आणि त्याच्यावर लिंबू पिळलं तर?"

सगळ्या बायका पुढं सरकल्या. धम्मशीलानं डागावर लिंबू पिळलं. तांबडा डाग बघता बघता पिवळा झाला, पिवळाधमक, परातीतल्या भंडाऱ्यासारखा.

"पानाची पिंक लिंबानं पिवळी होत नाही, आबासाहेब."

बिरूच्या वाघुरीतली मेंढरं ओरडलेली ऐकू आली. आबासाहेब खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"मी चोर न्हाई. देव गावाच्या शिवेबाहेर न्ह्यायचा माजा इचारच नव्हता. सापडावा म्हनूनच ठिवला. पाटंच नेला, घोंगडीवर बसिवला, पाया पडलो." ते धम्मशीलाकडं वळले. "आमच्या घरचा नारळ, मॅडम! बापानं फोडला, आज्यानं फोडला. आन् आमच्या रानात मेंढरं बसवनाऱ्याच्या पोरीनं माज्या डोळ्यांदेखत फोडायचा? लोक मला भ्यायाचे. तिच्यावर आळ आला की गाव एका घंट्यात तिला चोर म्हनंल, हे मला ठावं हुतं. मला काईच करावं लागलं न्हाई. बाकीचं तुमीच केलं."

हे शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते गावाला झोंबलं.

६

गावाला एकदा झोंबलं की ते कुणावर तरी उलटतंच. "हरामी हाय म्हातारा!" एक जण ओरडला. "मोठ्या लोकांचं डोळं भरतच न्हाईत!" दुसरा म्हणाला. मोबाइल पुन्हा वर झाले, आणि कुणीतरी खाली वाकून दगड शोधायला लागलं. दुसरीकडं तरणी पोरं विजयमालाला खांद्यावर घ्यायला धावली. "ताई आमची देवीच हाय!"

विजयमालानं त्यांचे हात बाजूला सारले आणि ती सरळ आबासाहेबांच्या पुढं जाऊन उभी राहिली, दगड शोधणाऱ्याकडं तोंड करून.

"सकाळी मला जे बोललास, तेच यांना बोलायलास," ती म्हणाली. पुणं तिच्या बोलण्यातून कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "वाक्य तेच, नाव तेवढं बदललंस. दगड टाक खाली. यांनी जे केलं त्याची तकरार मी मॅडमकडं देणार हाय. तेवढंच. जास्ती न्हाई आन् कमीबी न्हाई."

दगड खाली पडला.

बिरू पायरीवरून उठला. "मॅडम, आबासाहेबांना न्या. जुनं घर हाय म्हनून सोडू नगा. आन् मोठा मानूस सापडला म्हनून गावाला तमाशाबी दावू नगा."

"तसंच होईल, काका," धम्मशीला म्हणाली. वर्दी घातल्याचा तिला क्वचितच इतका अभिमान वाटला होता. तिनं आबासाहेबांना हात न लावता जीपकडं चालायला सांगितलं, आणि ते मान वर ठेवायचा प्रयत्न करत चालू लागले.

मग बिरू शेजारच्या खळ्यावर डिकीपाशी गेला. त्यानं उघड्या तळव्यांनी देव उचलला. लखलखत्या पितळेवर त्याची दहा बोटं उमटली.

"विजू, नारळ घे," तो म्हणाला.

"राहू द्या की, काका," कुणीतरी शहाणपणानं सुचवलं. "एवढं झाल्यावर ताईला नको वाटत असंल."

"नको कशाला वाटंल?" विजयमाला म्हणाली. "मी दान म्हणून मागितला नव्हता, चोरून घेतला नव्हता. गावानं मान दिलाय, मी घेनार." आणि तिनं पदर खोचून एका घावात नारळ फोडला.

ढोल घुमले. गर्दीतून एक पोरगा मोबाइल पुढं करत बिरूच्या तोंडाशी आला. "काका, एक मिनिट! आज लेकीचा लय अभिमान वाटत आसंल ना?"

बिरू थांबला. देव छातीशी धरून त्यानं त्या पोराकडं अशी नजर लावली की मोबाइल आपोआप खाली आला.

"आज?" तो म्हणाला. "आरं, ही एवढीशी हुती तवा लांडगा आला. मी पल्ल्याड हुतो. ही काठी घिऊन त्याच्या म्होरं उभी ऱ्हायली, पर कोकरू सोडलं न्हाई. तवा हिला कुनी वळखत नव्हतं, हिच्याकडं चप्पलबी नव्हती. माजा अभिमान तवाचा हाय. आजचा तुमचा, तो तुमी बघा."

आणि तो देव घेऊन पालखीकडं चालू लागला.